पोथींतील शाकवर्ग व रानांतील भाज्या

जुन्या कागदपत्रांचें संपादन करतांना आपण व्यक्ति, स्थळें व तिथी यांविषयीं जी काळजी घेतों, ती वनस्पतींच्या नांवांविषयीं घेत नाहीं. एखाद्या पत्रांत अप्रसिद्ध खेड्याचें नांव आलें तर नकाशे, कुळकर्ण्यांचीं दप्तरें व जुन्या महालांच्या याद्या धुंडाळून त्याचा ठिकाणा लावला जातो. परंतु वैद्याच्या बाडांत किंवा पाकशास्त्राच्या सुट्या पानावर भाजीचें नांव आलें, कीं ‘एक प्रकारची पालेभाजी’ एवढी टीप देऊन संपादक मोकळा होतो. जुने टीकाकारहि या बाबतींत फारसे निराळे नव्हते. ‘शाकविशेषः’ हा त्यांचा आवडता शब्द. कागदावर हा आळस निरुपद्रवी दिसतो. परंतु अलीकडे रानभाज्यांविषयीं लोकांत मोठें कुतूहल उत्पन्न झालें आहे. कृषिखात्याच्या वतीनें जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात, आणि शहरांतील हौशी मंडळी छापील निघंटु हातीं घेऊन पावसाळ्यांत डोंगरावर जातात. अशा वेळीं संपादकानें अंदाजानें दिलेली ओळख कोणाच्या तरी ताटांत जाऊन पडण्याचा संभव असतो. म्हणून शाकवर्गांतील नांवें व रानांतील प्रत्यक्ष भाज्या यांचा मेळ कसा घालावा, तो कोठें फसतो, आणि भाजी ओळखल्यावर ती कोणत्या मर्यादेनें खुडावी, याचा विचार येथें केला आहे.

आपल्याकडील मुख्य साधनें सर्वांस परिचित आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत व सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील शेहेचाळिसाव्या अध्यायांत शाकवर्ग आला आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत तो अधिक व्यवस्थित मांडलेला आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (शके १०५१) राजाच्या भोजनाचें वर्णन आहे. आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रघुनाथ गणेश नवहस्त यानें रचलेलें भोजनकुतूहल तर महाराष्ट्रीयांना विशेष जवळचें. त्याचा काल परशुराम कृष्ण गोडे यांनीं निश्चित केला, हें या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. हा रघुनाथ व राजव्यवहारकोशाचा कर्ता रघुनाथपंडित हे दोघे निराळे, एवढेंच जातां जातां सांगतों. सूचिपत्रांत त्यांची अदलाबदल होण्याचा संभव नेहमींच असतो.

या सर्वांत आपल्या कामास अतिशय उपयोगी ग्रंथ नरहरिपंडिताचा राजनिघंटु होय. याचीं कारणें दोन. ग्रंथकारानें आरंभींच सांगून ठेविलें आहे, कीं पदार्थांची स्पष्टता आपण कर्णाटक व महाराष्ट्र या दोन देशांच्या भाषांतून केली आहे, आणि आंध्र, लाट इत्यादि इतर भाषांतील नांवें त्यांच्या आधारानें जाणावीं. म्हणजे ज्याला मराठी नांव लावावयाचें त्याला येथें जुना व देशी दुवा मिळतो. दुसरें कारण याहून महत्त्वाचें. वनस्पतींस नांवें कशीं पडतात याचीं सात कारणें त्यानें दिलीं आहेत: रूढि, प्रभाव, देशी बोली, लांछन म्हणजे अंगावरील खूण, उपमा, वीर्य, आणि इतर पदार्थांच्या नांवांवरून आलेलें नांव. हीं सात कारणें ध्यानांत ठेवून शाकवर्ग वाचला तर पर्यायशब्दांची जी रुक्ष रांग दिसते ती एकदम बोलूं लागते. लाङ्गली हें उपमेवरून पडलेलें नांव, कारण त्या वेलीचा कंद नांगरासारखा दुभागलेला असतो. दद्रुघ्न हें प्रभावावरून, कारण टाकळा गजकर्णावर लावतात. मण्डूकपर्णीचें पान बसलेल्या बेडकासारखें. चतुष्पत्रीला चार पानें, हें लांछन.

मात्र येथेंच पहिला धोका आहे. हीं बहुतेक नांवें विशेषनामें नसून विशेषणें आहेत, आणि विशेषण अनेकांस लागूं पडतें. वर्षाभू म्हणजे पावसांत उगवणारी. पण मृगाच्या पहिल्या सरीनंतर सह्याद्रीच्या उतारावर जें जें उगवतें तें सगळें वर्षाभूच नव्हे काय? तेव्हां एका पर्यायावरून ओळख ठरवूं नये. सगळे पर्याय एकत्र मांडावे, आणि ज्या वनस्पतीला त्यांतील अधिकांत अधिक पर्याय शोभतील तिच्यापाशीं थांबावें. पर्यायांपैकीं एखादा तिला मुळींच लागत नसेल तर त्याचें कारण शोधल्यावांचून पुढें जाऊं नये.

सुनिषण्णक या शाकाचें उदाहरण घेऊं. चरक व सुश्रुत दोघांनींहि त्याचा उल्लेख केला आहे. भावप्रकाशकार सांगतो, कीं याचीं पानें चांगेरीसारखीं पण चार दळांचीं असतात आणि तें पाणथळ जागीं होतें. इतका स्पष्ट खुलासा शाकवर्गांत क्वचितच मिळतो. चांगेरी म्हणजे आपली आंबुशी: तीन हृदयाकृति दळें, पिवळें लहान फूल व जिभेवर ठेवतांच कळणारा आंबटपणा. सुनिषण्णकाचीं चार दळें एका देंठाच्या टोंकाशीं स्वस्तिकासारखीं पसरतात; म्हणून त्याला स्वस्तिक असेंहि म्हणतात. भातखाचरांच्या कडेला व तळ्यांच्या काठीं चिखलांत ही वनस्पति पसरलेली असते. नांवाची व्युत्पत्ति ‘नीट बसलेला’ अशी असून रात्रीं तिचीं दळें मिटतात. बंगालींत ‘सुषनी’ या नांवानें ती अजून बाजारांत येते, आणि झोंप येण्यासाठीं खातात. संस्कृत नांव, बंगाली नांव, पानांची संख्या व जागा हीं चारी एकमेकांशीं जुळलीं, तेव्हां ही ओळख पक्की धरण्यास हरकत नाहीं. पानें मिटण्याची खूण मात्र एकटी उपयोगाची नाहीं. आंबुशीचीं दळेंहि रात्रीं मिटतात.

आतां याच शाकाच्या पर्यायांत ‘शितिवार’ हें नांव येतें, आणि वैद्यांच्या पोथ्यांत शितिवाराचें बीं मूत्रविकारांवर सांगितलेलें आढळतें. येथें थबकलें पाहिजे. पाणथळांतील ही चतुष्पत्री नेच्याच्या कुळांतील आहे. तिला फूल येत नाहीं आणि बींहि येत नाहीं. मग पोथींतील बीं कोणाचें? बाजारांत सुनिषण्णकाच्या नांवाखालीं उटंगणाचें बीं मिळतें, आणि मराठींत शितिवार हें नांव कित्येक ठिकाणीं कुरडूला लावतात. दोन्हींना बीं आहे. अर्थात् एकाच पर्यायमालेंत दोन किंवा तीन वनस्पती गोंवल्या गेल्या आहेत. जेथें पाठ भाजीचा आहे तेथें चतुष्पत्री घ्यावी. जेथें बियांचा आहे तेथें ती घेतांच येत नाहीं. अशा ठिकाणीं संपादकानें एकच टीप सर्वत्र चिकटविली तर ती अर्ध्या स्थळीं खोटी ठरणार.

हीच पद्धति जीवन्तीला लावून पाहावी. चरकानें सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत हितकर पदार्थ मोजतांना शाकांमध्यें जीवन्ती श्रेष्ठ म्हटली आहे, व अहितकरांत मोहरीच्या पाल्याला पहिलें स्थान दिलें आहे. बंगालच्या बाजारांत जीवन्ती म्हणून जें विकलें जातें तें झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका आमरीचें वाळलेलें कांड असतें. केरळांत शिरदोडी घेतात, आणि आपल्याकडे व गुजराथेंत दोडी. तिघांचेंहि समर्थन करणारे विद्वान् आहेत. माझ्या मतें ‘शाकांमध्यें श्रेष्ठ’ या एका वाक्यानेंच पहिली ओळख चरकापुरती तरी बाद होते. आमरीच्या वाळक्या कांडाची भाजी कोण करील? उरलेल्या दोन्ही वेली एकाच कुळांतल्या, दोहोंनाहि चीक येतो व दोहोंचेहि भाग भाजीसाठीं खुडतात. त्यांतून एकीची निवड केवळ ग्रंथावरून करतां येणार नाहीं. पोथी कोणत्या प्रांतांत लिहिली गेली तें पाहिलें पाहिजे.

पुनर्नवा व वर्षाभू यांचाहि असाच जुना घोटाळा आहे. दोन्ही जमिनीसरशी पसरतात, दोन्हींच्या कोंवळ्या पाल्याची भाजी होते, आणि तांबडी व पांढरी अशा भेदानें त्या एकाच नांवाखालीं दडपल्या जातात. घेटुळीचें फळ बारीक, लांबट व चिकट असून फांदीच्या टोंकाशीं झुबक्यानें येतें व चालतांना धोतराला चिकटतें. दुसरीचें पान मांसल, समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठें व एक लहान, आणि फूल पानाच्या बेचक्यांत एकटें. घोळ काढणाऱ्यानें याबरोबर आणखी एक पारख शिकून ठेवावी. घोळीचा देंठ मोडला तर नुसतें पाणी दिसतें. देंठांतून पांढरा चीक आला तर ती नायटी, भाजी नव्हे. ही पारख एका क्षणाची आहे आणि तिला कोणत्याहि ग्रंथाची गरज नाहीं.

ब्राह्मीच्या बाबतींत आपल्या प्रांतापुरतें एवढें सांगितलें पाहिजे, कीं महाराष्ट्रांत जिला लोक ब्राह्मी म्हणतात ती बहुधा कारिवणा, म्हणजे ग्रंथांतील मण्डूकपर्णी असते. बंगाल्यांची ब्राह्मी निराळी. तिचीं पानें लहान, मांसल व देंठाशीं निमुळतीं. दोन्ही खाण्याजोग्या असल्यामुळें येथें जीवास धोका नाहीं, परंतु पाठनिर्णयास आहे.

जीवास धोका आहे तो टाकळ्याच्या शेजाऱ्यापासून. टाकळा अथवा तरोटा म्हणजे चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज. आषाढांत रस्त्याच्या दोहों बाजूंस त्याचें रान माजतें. त्याच्या पानांत दळांच्या बहुधा तीन जोड्या, दळें टोंकाशीं गोलसर, आणि सायंकाळीं तीं मिटतात. कोंवळेपणीं भाजी उत्तम. याच्याच कुळांतला कासमर्द, ज्याला रानटाकळा अथवा कासविंदा म्हणतात, त्याच्या दळांच्या जोड्या चार-पांच, दळें टोंकदार, आणि पान चुरडलें तर दुर्गंध येतो. आतां पाहा: कासमर्दाचें पान शाकवर्गांत आलेलें आहे. भावप्रकाशांत तें रुचकर व खोकल्यावर गुणकारी म्हटलें आहे. ग्रंथ वाचून कोणीहि म्हणेल, कीं ही वनस्पति निर्धास्तपणें खाण्याजोगी. परंतु पश्चिम उत्तर प्रदेशांत कित्येक वर्षें लहान मुलें हिंवाळ्याच्या तोंडाशीं अकस्मात् बेशुद्ध होऊन दगावत असत. तो मेंदूचा साथीचा रोग समजला जाई. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें, कीं या मुलांनीं खेळतां खेळतां कासमर्दाच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायु व मेंदु तिन्हींवर त्या विषाचा आघात होतो. ग्रंथ खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. ग्रंथकार पानाविषयीं बोलतो, बियांविषयीं नव्हे. परंतु संपादकानें ‘कासमर्द: एक खाद्य वनस्पति’ एवढीच टीप दिली, तर कोणता भाग, कोणत्या वयाचा व कोणत्या रीतीनें शिजविलेला, हें सगळें त्या तीन शब्दांत गडप होतें. माझा तर असा आग्रह आहे, कीं शाकवर्गाच्या मराठी आवृत्तींत कासमर्दापुढें बियांच्या विषाची सूचना छापलीच पाहिजे.

कंदांच्या बाबतींत काळजी दुप्पट हवी, कारण कंद खणण्याच्या वेळीं वर पाला असतोच असें नाहीं. डोंगरांतील लोक कडू करांदा खातात. पण तो चकत्या करून, राखेच्या पाण्यांत उकडून आणि रात्रभर वाहत्या ओढ्यांत ठेवून. ही कृति ओळखीचाच भाग समजावी. ती ठाऊक नसलेल्यानें तो कंद ओळखला असें म्हणूं नये. करांद्याचें पान हृदयाकृति, देंठाचें व शिरा एकमेकींस जोडणाऱ्या जाळीसारखें. याच रानांत कळलावीचा वेल असतो. त्याचें पान बिनदेंठाचें, शिरा सरळ समांतर, आणि टोंक ताणून त्याचाच आंकडा झालेला. ज्वालेसारख्या फुलांमुळें तिला अग्निशिखा म्हणतात व फुलांत असतांना कोणी चुकत नाहीं. पण पाला वाळल्यावर जमिनींतला कंद कोणाचा हें कसें कळावें? रताळें किंवा करांदा समजून कळलावीचा कंद खाल्ल्यानें माणसें मेलीं आहेत. म्हणून जाणते लोक पावसाळ्यांत वेल हिरवा असतांनाच खूण करून ठेवतात व मग हिंवाळ्यांत तोच खणतात.

शेवळाची गोष्ट याहून गमतीची आहे. ठाणें, पालघर व रायगड या भागांत ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला पाऊस पडतांच हा सुरणाच्या जातीचा कोंब जमिनींतून वर येतो. तो पान नव्हे, फूल आहे. पान मागाहून येतें. त्यामुळें ज्यानें फक्त पान पाहिलें त्याला शेवळ ओळखतां येत नाहीं आणि ज्यानें शेवळ खाल्लें त्याला पान दाखविलें तर तो मान हलवितो. पोथींत एकाच कंदाला दोन ऋतूंत दोन नांवें आढळलीं तर त्यांचें मूळ अशाच गोष्टींत असूं शकेल. शेवळांत सुईसारखे अतिसूक्ष्म खडे असतात व ते घशाला टोंचतात. म्हणून आंतला पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजींत काकडाचीं आंबट फळें घालतात. काकड हें निराळ्याच वृक्षाचें फळ, पण तें याच आठवड्यांत तयार होतें, आणि बाजारांत शेवळें विकणारी बाई न विचारतां त्याबरोबर काकडें बांधून देते. जुन्या घरच्या पानांवर ‘शेवळें, काकड’ असे दोन शब्द शेजारीं आढळले, तर संपादकानें दुसऱ्या शब्दाची ‘काकडी’ करूं नये. काकडी घातलेलें शेवळ घशांतून उतरणार नाहीं.

फोडशी अथवा कुळीची भाजी गवतासारख्या पात्यांची. तिच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकीं एकीचें शास्त्रीय नांव बोरिवलीवरून पडलें असून तिचीं मुळें सफेत मुसळी या नांवानें औषधांत जातात. फोडशीला जमिनींत मुळांचा झुबका असतो, कांदा नसतो. पातें उपटतांना खालीं कांदा लागला तर थांबावें. रानकांदा, म्हणजे ग्रंथांतील कोलकन्द, हृदयावर विषासारखा परिणाम करतो.

इतकें पाहिल्यावर पद्धतीविषयीं थोडें सांगतों. नाम व रूप हे दोन निराळे विषय आहेत, हें आपल्या आचार्यांस पूर्ण ठाऊक होतें. चरक सांगतो, कीं धनगर, गुराखी व वनांत राहणारे लोक औषधी नांवानें व रूपानें ओळखतात, पण तेवढ्यानें त्यांचा उपयोग कळला असें होत नाहीं. सुश्रुत तर गोपाल, तापस, व्याध व कंदमुळें खाऊन राहणारे यांच्याकडूनच वनस्पतींची ओळख करून घ्यावी असें स्पष्ट म्हणतो. पोथी लिहिणाऱ्यांनीं हा उपदेश नकलून ठेविला. पाळला किती जणांनीं, हें पर्यायमालांतील घोटाळ्यांवरून दिसतेंच. तो पाळल्याचें एक उत्तम उदाहरण मलबारांत घडलें. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथासाठीं (१६७८ ते १६९३) रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांनीं साहाय्य केलें. त्यांचा १६७५ सालचा नागरी लिपींतील दाखला पहिल्या खंडांत छापला आहे. तेथें प्रत्येक वनस्पतीचें चित्र, त्यावरच तिचीं निरनिराळ्या लिप्यांतील नांवें, व खालीं वर्णन. म्हणून तीनशें वर्षांनंतरहि त्या नांवाविषयीं वाद करतांना बोट ठेवण्यास जागा आहे. आपल्या निघंटूंस चित्र नाहीं, हीच त्यांची मोठी उणीव.

ती भरून काढण्याचा मार्ग कष्टाचा पण सोपा आहे. पोथींतील नांव, ती जेथें लिहिली गेली त्या तालुक्यांत, त्या भाजीच्या महिन्यांत घेऊन जावें. तें दोघा जाणत्यांस निरनिराळ्या वेळीं विचारावें, एकमेकांसमोर नव्हे. कारण एकाच्या उत्तरास दुसरा भिडेनें होकार देतो. आणलेली फांदी, शक्य तर फूल व फळ यांसह, जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळवावी व तिच्यावर गांव, तिथि, सांगणाऱ्यानें उच्चारलेलें नांव लिहावें. मग थिओडोर कुक याच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाशीं (१९०१ ते १९०८) ताडून पाहावी. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा वनौषधिगुणादर्श मराठी नांवांसाठीं हाताशीं असावा. हल्लीं भ्रमणध्वनीवर छायाचित्र दाखवून नांव विचारण्याची सोय झाली आहे. तिचा उपयोग शोधाची दिशा ठरविण्यापुरता करावा, खाण्याचा निर्णय तिच्यावर सोंपवूं नये. चव घेऊन अनोळखी वनस्पति पारखण्याचा प्रकार तर सर्वस्वीं त्याज्य. ओळख पटलेली भाजीहि पहिल्या खेपेस थोडी, चांगली शिजवून खावी. अळंब्यांच्या वाटेस पुस्तकावरून शिकलेल्यानें जाऊंच नये. मनुस्मृतींत वानप्रस्थाला जमिनींत उगवणारीं कवकें वर्ज्य सांगितलीं आहेत, तें कोणत्याहि हेतूनें असो, सल्ला चांगला आहे.

वाचनांतल्या चुकांचाहि भाग मोठा आहे. जुन्या मराठी हस्तलेखांत ‘ख’ बद्दल ‘ष’ लिहिलेला असतो, त्यामुळें ‘षापरा’ पाहून नवीन वनस्पति सांपडली असें समजूं नये, तो खापरा. ‘ख’ सुटा पडला कीं ‘रव’ होतो. ‘भ’ व ‘म’, ‘च’ व ‘व’ यांची अदलाबदल नित्याची. रानांत नेण्यापूर्वीं शब्द कागदावर शुद्ध झालेला असावा.

आतां खुडण्याविषयीं. कालाचा नियम चरकाच्या कल्पस्थानांत आहे: कोंवळ्या फांद्या व पानें वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळें ग्रीष्मांत किंवा पानें झडल्यावर शिशिरांत, साल, कंद व चीक शरदांत. यांत औषधाच्या वीर्याचा विचार मुख्य असला, तरी वनस्पतीला बीं टाकून झाल्यावरच तिच्या मुळाला हात लागतो, असा त्याचा परिणाम होतो. सुश्रुतानें पालेभाजी वर्ज्य करण्याचीं कारणें दिलीं आहेत: खरखरीत, जून झालेली, किडलेली, भलत्या जागीं उगवलेली व अवेळीं आलेली. भलती जागा म्हणजे त्या काळीं वारूळ, स्मशान, खारवट जमीन. आज तिच्यांत मोठ्या रस्त्याची कड, गटाराचा कांठ व तणनाशक फवारलेलें शेत हीं घातलीं पाहिजेत. टाकळ्याला ही सूचना विशेष लागू, कारण तो रस्त्याच्या कडेलाच जास्त माजतो.

सर्व भाज्यांना एकच नियम लावणें मला मान्य नाहीं. टाकळा, कुरडू, चाकवत, तांदुळजा, घोळ हीं शेतांतलीं व पडींतलीं तणें. तीं हवीं तितकीं काढा, शेतकरी आभारच मानील. भारंगीचीं कोंवळीं पानें व फुलें थोडीं घेतलीं तर झाड पुन्हां फुटतें. फोडशीची पात जमिनीच्या वर कापावी. झुडुप मुळासकट उपटून गड्ड्या बांधण्याची रीत आणि मुसळीसाठीं होणारी खणणी या दोहोंनीं मिळून ती कित्येक टेंकड्यांवरून नाहींशी होत चालली आहे. करांदा खणला तर वेलाकडचा वरचा तुकडा त्याच खळग्यांत पुन्हां पुरावा. डोंगरांतील जुने लोक हें सांगावें लागत नाहीं इतक्या सहजतेनें करतात.

करटोलीविषयीं मात्र थोडें अधिक लिहितों, कारण येथें ग्रंथ व रान एकमेकांवर उत्तम प्रकाश पाडतात. निघंटूंत कर्कोटकी व वन्ध्याकर्कोटकी अशा दोन वेली सांगितल्या आहेत. दुसरीला फळ नाहीं, तिचा कंद औषधी. या वेलांत नर व मादी निरनिराळे असतात. ज्याला प्राचीनांनीं वन्ध्या म्हटलें तो नरवेल होय. त्याला फुलें येतात, फळें येत नाहींत. निरीक्षण अचूक, फक्त कारण ठाऊक नव्हतें. पण या नांवाचा दुष्परिणाम असा, कीं वांझ वेल ठेवून काय करावयाचा म्हणून तो खणून काढला जातो, औषधासाठीं किंवा जागा मोकळी करण्यासाठीं. आणि नर नाहींसा झाला कीं पुढच्या वर्षीं शेजारच्या मादीलाहि फळ धरत नाहीं. वन्ध्याकर्कोटकीवर टीप लिहिणाऱ्यानें हें एक वाक्य अवश्य लिहावें.

ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें खावयाचें नाहीं हा नियम मनूनें वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनींतील अन्न वर्ज्य केलें आहे त्याच जातीचा. या व्रतामुळें भाद्रपदाच्या एका दिवशीं तरी घरोघरच्या बायकांना नांगर न लागलेल्या भाज्या ओळखाव्या लागत. आतां शहरांत त्या दिवशींची भाजी एकत्र चिरलेली विकत मिळते. त्यामुळें पानांवरून ओळखण्याचा वर्षांतला एकुलता एक प्रसंगहि गेला.

कायद्याची मर्यादाहि संग्राहकांस ठाऊक असावी. राष्ट्रीय उद्यानांत व अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें पानहि तोडण्यास मनाई आहे. बोरिवलीचें उद्यान त्यांतच येतें. इतर वनांत कंदमुळांसारख्या गौण वनोपजावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानें तेथील वनवासी लोकांस दिलेला आहे. आपण हौसेनें पिशवी भरून आणतों ती कोणाच्या तरी आठवड्याच्या बाजाराची असते. नमुन्यापुरती एक फांदी घ्यावी. भाजी खावयाची तर ती त्यांच्याचकडून विकत घ्यावी. ओळखहि त्याच व्यवहारांत फुकट मिळते.

शेवटीं एका अनिर्णीत शाकाकडे लक्ष वेधतों. श्राद्धांत कालशाक द्यावें असें मनुस्मृतींत तिसऱ्या अध्यायांत आहे. भावप्रकाश कालशाक, श्राद्धशाक व नाडीक हीं एकाच्याच नांवांत मोजतो. त्यावरून तें चुंचेच्या जातीचें, म्हणजे तागाच्या कुळांतलें शाक ठरतें. पण कोणी कढीलिंब समजतात, कोणी काळी तुळस. हा प्रश्न निघंटूंवरून सुटेल असें वाटत नाहीं. सुटला तर श्राद्धप्रयोगाच्या पोथ्यांवरून सुटेल. घरोघरच्या उपाध्यायांनीं आपल्या सोयीसाठीं अशा पोथ्यांच्या समासांत संस्कृत नांवाशेजारीं देशी नांव लिहून ठेविलेलें असतें. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांनीं कालशाकाजवळचा समास तपासावा. तेथें देशी नांव आढळल्यास तें अक्षरशः उतरून घेऊन पोथीचा शक, लेखकाचें गांव व शाखा यांसह मंडळाकडे पाठवावें.